ट्रॉयची लढाई आणि इथाकेचा जमाखर्च : ग्रीक महाकाव्ये मुलांकडून कशी वाचून घ्यावीत

हल्ली आपल्या घरांतील आठवी-नववीच्या मुलांना झ्यूस, पोसायडन, अथीना, मेड्युसा ही नावे तोंडपाठ असतात. मोबाइलवरचे खेळ, चित्रपट आणि इंग्रजी कादंबऱ्या यांतून ती त्यांच्यापर्यंत पोहोचली आहेत. शाळेतूनही अधूनमधून ग्रीक पुराणकथांवर प्रोजेक्ट मिळतो. पुढे काय होते ते सर्व पालक जाणतात. स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रे येतात, संगणकावरून दोन पाने मजकूर उतरवला जातो, आई रात्री अकरापर्यंत कागद कापत आणि चिकटवत बसते आणि मुलाला चांगली श्रेणी मिळते. मूळ गोष्टीशी मात्र मुलाची गाठच पडत नाही.

आमच्या इंदूरच्या मंडळात वाचनालयाचे काम पाहणारी आम्ही काही निवृत्त मंडळी आहोत. कोणी बँकेत होते, कोणी शाळेत, कोणी वीज मंडळात. सुट्टीत मुलांसाठी जे वाचनवर्ग होतात, त्यांत आम्ही रामायण-महाभारताबरोबर होमरची दोन महाकाव्येही घेतो. मुलांना माहिती गोळा करायला न सांगता, गोष्टीच्या आत शिरून काही तरी घडवायला सांगायचे, ही आमची पद्धत. पालकांना घरच्या घरी हे सारे करून घेता यावे म्हणून त्यातील सात उपक्रम इथे मांडत आहोत. सगळे उपक्रम मराठीत करायचे आहेत. आपल्याकडची मुले मराठी बोलतात, पण मराठीत विचार मांडायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही, आणि ही सवय एका पिढीत सुटली तर पुढच्या पिढीत ती परत आणणे कठीण आहे.

आधी थोडी ओळख

'इलियड' आणि 'ओडिसी' ही दोन काव्ये होमरच्या नावावर आहेत. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ इसवी सनापूर्वीचे आठवे शतक किंवा त्याच्या आसपासचा मानतात. दोन्हींचे प्रत्येकी २४ सर्ग आहेत. इलियडच्या सुमारे १५,७०० ओळी, तर ओडिसीच्या सुमारे १२,१०० ओळी भरतात.

ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले अशी कथा आहे. इलियडमध्ये त्यातले, दहाव्या वर्षातले, जेमतेम पन्नासेक दिवस आहेत. अकिलीसचा राग हा त्याचा विषय. सेनापती अगामेम्नॉन त्याचा अपमान करतो, तो लढाई सोडून बसतो, त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस मारला जातो, अकिलीस सूड म्हणून ट्रॉयच्या हेक्टरला ठार करतो आणि हेक्टरच्या अंत्यविधीवर काव्य संपते. लाकडी घोडा इलियडमध्ये येत नाही, अकिलीसच्या टाचेची गोष्टही येत नाही. घोड्याचा उल्लेख ओडिसीत आहे, आणि त्याची सविस्तर कथा रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' काव्यात मिळते. चित्रपट पाहून आलेल्या मुलांना हे कळते तेव्हा पुस्तक उघडायची इच्छा आपोआप होते.

ओडिसी ही युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसची कथा. त्याला इथाका या आपल्या बेटावर पोहोचायला आणखी दहा वर्षे लागतात. त्यातली सात वर्षे कॅलिप्सोच्या बेटावर आणि एक वर्ष सर्सीकडे जाते. एकडोळ्या राक्षसापासून सहा तोंडांच्या स्किलापर्यंतची सगळी साहसे उरलेल्या दोन वर्षांत बसवावी लागतात. एवढी कालरेषा मुलांना आधी वहीत काढायला सांगावी.

ही पद्धत नवी नाही

गोष्टीत शिरून लिहिण्याचा अभ्यास हे आधुनिक शिक्षणाचे फॅड आहे, असे काही पालकांना वाटते. प्रत्यक्षात ग्रीक आणि रोमन शाळांत मुले नेमके हेच करीत. इजिप्तच्या वाळूत जे ग्रीक साहित्याचे पपायरस सापडले, त्यांत सर्वाधिक होमरचे आहेत आणि त्यांत विद्यार्थ्यांनी गिरवलेल्या ओळीही आहेत. पुढच्या इयत्तांत चौदा प्रकारच्या लेखन-अभ्यासांचा ठरलेला क्रम असे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अँटिऑकच्या अफ्थोनियसने या अभ्यासांचे जे पुस्तक लिहिले, ते युरोपात पुढे शतकानुशतके चालले.

त्या चौदांपैकी एक अभ्यास असा : अमुक प्रसंगी अमुक व्यक्ती काय बोलली असती ते लिहा. अफ्थोनियसने स्वतः नमुना दिला आहे तो निओबीचा. आपल्या मुलांच्या संख्येचा गर्व केल्यामुळे देवांनी जिची सगळी मुले मारली, ती आई त्या क्षणी काय म्हणेल? त्याने रीतही सांगितली आहे. आधी वर्तमानाचे दुःख, मग भूतकाळाची आठवण, शेवटी पुढे काय होणार याचा विचार. कोणत्याही इयत्तेच्या मुलाला देता येईल अशी ही सूचना आहे.

पहिला उपक्रम : एका शब्दाचे मराठी

ओडिसीच्या पहिल्याच ओळीत ओडिसियससाठी 'पॉलिट्रोपॉस' असे विशेषण येते. शब्दशः अर्थ 'पुष्कळ वळणांचा'. ही वळणे प्रवासाची की डोक्याची, हे ग्रीक शब्द सांगत नाही. तो दोन्ही अर्थ पोटात ठेवतो. इंग्रजी भाषांतरकारांनी प्रत्येकाने वेगळा शब्द वापरला आहे.

मुलांना सांगावे, याला मराठी शब्द शोधा. हिकमती, चलाख, बेरकी, धूर्त, युक्तिबाज, पोहोचलेला, खटपट्या, असे शब्द येतात. मुलांना सुचत नसतील तर आजीला विचारून या म्हणावे. मग खरा प्रश्न विचारावा. 'हिकमती' म्हटले की माणूस आवडतो, 'धूर्त' म्हटले की आवडत नाही. कवीला तुम्ही कोणत्या बाजूला उभे करता? शब्द निवडणे म्हणजे माणसाबद्दल मत देणे असते, हे मूल इथे शिकते. आणि एका अर्थाचे सात मराठी शब्द त्याच्या कानावर पडतात, हा लाभ वेगळाच.

याला जोडून दुसरा भाग घ्यावा. होमरच्या काव्यात ठरीव विशेषणे पुन्हा पुन्हा येतात. अकिलीस चपळ पायांचा, पहाट गुलाबी बोटांची, समुद्र मद्याच्या रंगाचा. हे का, याचा उलगडा अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरी यांनी केला. १९३३ ते १९३५ या काळात ते आपले सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांच्यासह युगोस्लाव्हियात गेले आणि एकतारी वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्या गायकांची गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली. त्यांतला अवदो मेजेदोविच हा गायक निरक्षर होता, तरी त्याने १२,००० हून अधिक ओळींची गाथा गाऊन दाखवली. असे गायक पाठांतर म्हणत नसतात. छंदात बरोबर बसणारे तयार शब्दसमूह त्यांच्याजवळ असतात आणि त्यांच्या आधाराने ते गाता गाता काव्य रचतात. होमरची काव्येही अशा परंपरेतून आली असावीत, असे पॅरी यांचे म्हणणे होते.

आपल्याला हे परके नाही. इंदुरात अहिल्यादेवींचे नाव 'पुण्यश्लोक' लावल्याशिवाय कोणी घेत नाही. आरत्या, पोवाडे, गोंधळ्यांची गाणी यांतही ठरीव विशेषणे आहेत. मुलांना आपल्या घरातील पाच माणसांना अशी विशेषणे द्यायला सांगावी. अट एकच : ते विशेषण त्या माणसाच्या रोजच्या वागण्यातून आलेले हवे आणि त्याच्यासमोर मोठ्याने म्हणता आले पाहिजे.

दुसरा उपक्रम : आपल्या गावची उपमा

होमर युद्धाचे वर्णन करताना एकदम घरात, शेतात किंवा गोठ्यात जातो. सैन्य जमते ते वसंतात दुधाच्या भांड्यांभोवती घोंगावणाऱ्या माश्यांसारखे. मागे हटायला तयार नसलेला अजॅक्स हा शेतात घुसलेल्या, पोरांच्या काठ्या पाठीवर मोडल्या तरी न हलणाऱ्या हट्टी गाढवासारखा. दोन्ही फौजा तुल्यबळ झाल्या की त्याला आठवते ती मुलांच्या पोटासाठी लोकर कातणारी गरीब बाई आणि तिच्या हातातला समतोल तराजू. थकलेला ओडिसियस पाचोळ्यात शिरून झोपतो, तो राखेखाली झाकून ठेवलेल्या निखाऱ्यासारखा. विस्तव जपण्याची ही रीत आपल्या आज्या-पणज्यांना चांगली माहीत होती.

मुलांनी काय करायचे? ट्रॉयच्या लढाईतला एक प्रसंग घ्यायचा आणि उपमा मात्र आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या इंदूरची द्यायची. रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्यासमोर उसळणारी गर्दी, रात्री दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर सराफ्यात पेटणाऱ्या शेगड्या, पहिल्या पावसात तुंबलेला चौक, यांतले काहीही चालेल. सिंह, वाघ, वादळ यांना मनाई करावी. ते पुस्तकातून येतात, बघून लिहिलेले नसतात. उपमा किमान चार ओळींची असावी, म्हणजे मुलाला दृश्य पूर्ण पाहावेच लागते.

तिसरा उपक्रम : अकिलीसची ढाल

पॅट्रोक्लस अकिलीसचे चिलखत घालून लढायला गेला आणि मारला गेला, तेव्हा ते चिलखत हेक्टरने काढून घेतले. म्हणून इलियडच्या १८ व्या सर्गात लोहारदेव हिफेस्टस अकिलीससाठी नवी शस्त्रे घडवतो. त्यातील ढालीचे वर्णन शंभराहून अधिक ओळींचे आहे. ढालीवर पृथ्वी, आकाश, समुद्र, सूर्य, चंद्र आणि नक्षत्रे आहेत. दोन नगरे आहेत. एकात लग्नाच्या वराती चालल्या आहेत आणि चौकात खुनाच्या भरपाईवरून तंटा सुरू आहे. घोटीव दगडांवर बसलेली वडीलधारी मंडळी निवाडा देत आहेत. दुसऱ्या नगराला वेढा पडला आहे. पुढे नांगरणी आहे, तासाच्या टोकाला नांगऱ्याला मद्याचा पेला मिळतो. कापणी, द्राक्षमळा, गुरांवर पडलेले सिंह, मेंढ्यांचे कुरण आणि तरुण-तरुणींचा नाच आहे. ढालीच्या कडेने ओशनस ही महानदी फिरते.

मुलांनी प्रथम वर्णन ऐकून ढाल काढायची. आपण वाचत जायचे, त्यांनी मोठ्या वर्तुळात जागा ठरवत जायचे. मजकुरात कोणते दृश्य नेमके कुठे आहे हे सगळीकडे सांगितलेले नाही, त्यामुळे दहा मुलांच्या दहा ढाली निघतात. मग दुसरी ढाल काढायची, स्वतःच्या गावाची. त्यात सुखाचे एक नगर आणि संकटातले एक नगर हवेच.

शेवटी चर्चेला एक प्रश्न ठेवावा. मरायला आणि मारायला निघालेल्या माणसाच्या ढालीवर नांगरणी आणि नाच कशासाठी? याचे एकच बरोबर उत्तर नाही. 'तो काय गमावणार आहे ते त्याच्या हातात दिले' असे एका मुलीने आमच्या वर्गात लिहिले होते. आम्हाला ते अजून पटलेले आहे.

चौथा उपक्रम : जहाजांची मोजदाद

इलियडच्या दुसऱ्या सर्गात ग्रीक जहाजांची लांबलचक यादी आहे. वाचक ती बहुधा गाळतात. आम्ही मुद्दाम घेतो, कारण गणितात रमणाऱ्या मुलांना महाकाव्यात शिरायला इथे दार आहे.

यादीत २९ तुकड्या आणि एकूण १,१८६ जहाजे आहेत. अगामेम्नॉनची १००, वृद्ध नेस्टरची ९०, अकिलीसची ५०, ओडिसियसची फक्त १२ आणि देखण्या निरियसची अवघी ३. माणसांचे आकडे दोनच ठिकाणी दिले आहेत. बिओशियाच्या ५० जहाजांवर प्रत्येकी १२० आणि फिलॉक्टेटिसच्या ७ जहाजांवर प्रत्येकी ५०. आता सांगा, एकूण सैन्य किती?

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इतिहासकार थ्युसिडिडीसने हाच प्रश्न सोडवायला घेतला. दिलेले दोन आकडे म्हणजे सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान जहाज असावे असे धरून दोहोंची सरासरी काढा, असे तो म्हणतो. सरासरी ८५ येते. १,१८६ जहाजांना गुणले तर १,००,८१० माणसे. आज आपल्याला हा आकडा मोठा वाटतो. थ्युसिडिडीसला मात्र साऱ्या ग्रीसच्या मानाने तो फार वाटला नाही. याचे कारण त्याने दिले ते असे : माणसांची टंचाई नव्हती, पैशाची होती. रसद पुरवता येत नव्हती म्हणून सैन्य बेताचे नेले आणि त्यातलेही कित्येक जण शेती व लुटालूट करण्यात गुंतले, म्हणून युद्ध लांबले. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला हा इतिहासकार जवळचा वाटला तर नवल नाही.

मुलांनी नकाशावर या तुकड्यांची गावे शोधावी, संख्येनुसार वर्तुळे काढावी आणि खाली आपण कोणती गोष्ट गृहीत धरली ते स्पष्ट लिहावे. गृहीत धरलेली गोष्ट लिहून ठेवायची सवय पुढे कोणत्याही अभ्यासात उपयोगी पडते.

पाचवा उपक्रम : इथाकेचा जमाखर्च

१९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुरचनाकाराने 'लिनियर बी' ही लिपी उलगडली. होमरच्याही काही शतके आधीची ती ग्रीक भाषाच निघाली. मातीच्या त्या पाट्यांवर काव्य नव्हते. मेंढ्या, तेल, लोकर, रथांची चाके आणि माणसांचा शिधा यांच्या नोंदी होत्या. पायलॉसचा राजवाडा जळाला, त्या आगीत पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून टिकल्या.

हे सांगून मुलांना ओडिसियसच्या वाड्याचा कारकून करावे. ओडिसी आकडे भरपूर देते. पेनेलोपीशी लग्न करू पाहणारे आणि तोवर वाड्यात फुकट जेवणारे वर किती? टेलेमाकस बापाला मोजून सांगतो : डुलिकियमचे ५२, सामेचे २४, झाकिंथसचे २०, इथाकेचे १२. बेरीज १०८. डुकरे राखणारा इमानी युमिअस १२ खुराड्यांत प्रत्येकी ५० माद्या, म्हणजे ६०० सांभाळतो. नर मात्र ३६० च उरले आहेत, कारण उत्तम जनावर रोज वाड्यावर मेजवानीसाठी जाते. ही खादाडी चौथ्या वर्षात शिरली आहे. मुलांनी या माहितीवरून एका महिन्याची खर्चवही लिहावी.

खरी मौज २२ व्या सर्गात आहे. ओडिसियस अँटिनोअसला बाणाने मारतो, तेव्हा युरिमाकस पुढे होऊन म्हणतो, आम्ही खाल्ले-प्यालेले भरून देतो, प्रत्येकी वीस बैलांच्या किमतीइतके. बँकेत आम्ही याला एकरकमी तडजोड म्हणत असू. हिशेब करा : १०७ गुणिले २०, म्हणजे २,१४० बैल. जो मुलगा १०८ ने गुणतो त्याने अँटिनोअस मेल्याचे लक्षात घेतलेले नाही. ओडिसियस ही तडजोड नाकारतो. का नाकारतो, हे मुलांनी अर्ध्या पानात लिहावे. कर्ज होते धान्याचे आणि डुकरांचे, की आणखी कशाचे?

आणि एक आकडा पहिल्या सर्गात आहे. ओडिसियसच्या वडिलांनी युरिक्लिया ही दासी तरुणपणी विकत घेतली, तीही वीस बैलांच्या किमतीला. म्हणजे एका वराने देऊ केलेली भरपाई आणि एका माणसाची किंमत सारखीच. हे दोन आकडे शेजारी मांडले की वर्गात जी शांतता होते, ती कोणत्याही तक्त्याने होत नाही.

सहावा उपक्रम : पत्र

दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी ओव्हिडने पुराणकथांतील स्त्रियांची पत्रे कल्पून काव्य केले. त्यातले पहिले पत्र पेनेलोपीचे नवऱ्याला. आणखी एक ब्रायसीइसचे, जिच्यावरून अकिलीस आणि अगामेम्नॉन यांचे भांडण होते. इलियडमध्ये जिच्यावरून एवढे रामायण घडते, तिला बोलायला मिळते फक्त एकदा, पॅट्रोक्लसच्या प्रेताजवळ.

मुलांना पत्र लिहायला द्यावे, पण नायकांचे नको. युमिअसचे, युरिक्लियाचे, हेक्टरची पत्नी अँड्रोमॅकीचे, किंवा बाप आठवतही नसलेल्या टेलेमाकसचे द्यावे. अफ्थोनियसची आता-पूर्वी-पुढे ही चौकट वापरावी. मायना आणि शेवट मराठी पत्राचा असावा. तीर्थरूप, चिरंजीव, गंगाभागीरथी हे शब्द कोणासाठी असतात हे निदान या निमित्ताने मुलांना कळेल.

मोठ्या मुलांसाठी इलियडचा शेवटचा सर्ग ठेवावा. म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तळावर येतो आणि ज्याने आपल्या मुलाला मारले त्या अकिलीसच्या हातांचे चुंबन घेऊन मुलाचे प्रेत मागतो. तुझ्या बापाला आठव, एवढेच तो म्हणतो. दोघे रडतात, आपापल्या माणसांसाठी. मग एकत्र जेवतात. या रात्रीनंतर प्रायम घरी परत जाताना मनात काय म्हणत असेल, हे लिहायला द्यावे आणि लिहिलेले वर्गात वाचायची सक्ती करू नये. घरातले माणूस नुकतेच गेलेले एखादे मूल त्यात असू शकते.

सातवा उपक्रम : खटला

ओडिसियस १२ जहाजे घेऊन ट्रॉयहून निघाला आणि एकटा घरी पोहोचला. जबाबदार कोण?

पुरावा काव्यातच आहे. किकोन लोकांच्या गावी प्रत्येक जहाजावरची सहा माणसे गेली, म्हणजे ७२. पॉलिफीमस राक्षसाने सहा खाल्ली. लेस्ट्रिगोनियन लोकांनी ११ जहाजे बुडवली. स्किलाने सहा उचलली. सूर्यदेवाची गाई-गुरे मारून खाल्ल्यामुळे शेवटचे जहाज फुटले आणि ओडिसियस तेवढा वाचला. इथाका नजरेच्या टप्प्यात आली असताना ओडिसियस झोपला होता आणि वाऱ्यांची पिशवी त्याच्याच माणसांनी उघडली. काव्याच्या आरंभी कवी म्हणतो, माणसे आपल्याच मूर्खपणाने मेली. पण युरिलोकस हा सोबती त्याच्या अविचारावर ठपका ठेवतो आणि शेवटच्या सर्गात अँटिनोअसचा बाप भर सभेत हाच आरोप करतो. वर्गात दोन वकील, पाच साक्षीदार आणि पंच नेमावे.

एक मुद्दा मुलांच्या हाती लागेपर्यंत आपण थांबावे. ९ ते १२ या सर्गांतली ही सारी हकिगत ओडिसियस स्वतः सांगतो आहे आणि दुसरे कोणी जिवंत नाही. आरोपी हाच एकमेव साक्षीदार. हे ज्या मुलाच्या लक्षात येते त्याला वाचन म्हणजे काय हे कळू लागले, असे आम्ही समजतो.

तुलना करताना जपून

आपली मुले लगेच तुलना करतात. हेलन म्हणजे सीता, ओडिसियसचे धनुष्य म्हणजे शिवधनुष्य, १०८ वर म्हणजे जपमाळेचे मणी. तुलना जरूर करावी, पण वहीत तीन रकाने आखून : सारखे काय, वेगळे काय, आणि ठरवता येत नाही असे काय. १०८ चा आकडा जुळला, यापलीकडे त्यात काही दाखवता येत नाही. तो योगायोगाच्या रकान्यात जाऊ द्यावा.

काही नाती मात्र भक्कम आहेत. झ्यूस आणि वेदांतला द्यौस् हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. 'न झिजणारी कीर्ती' या अर्थाची शब्दांची जोडी इलियडमध्ये आहे आणि ऋग्वेदातही आहे. हे सादृश्य १८५३ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी दाखवून दिले. तरी वेदांत द्यौस् मागच्या रांगेत आहे आणि झ्यूस देवांचा राजा आहे, हा फरकही तिसऱ्या रकान्याच्या आधी दुसऱ्या रकान्यात लिहायचा.

अवघड प्रसंग

वरांना मारल्यावर वाड्यातल्या पन्नास दासींपैकी बारा जणींना टेलेमाकस फाशी देतो. हे मुलांना सांगावे का? पालकांत यावर मतभेद होतात. आमचे मत असे की, बारा वर्षांखालील मुलांना गरज नाही, पण नववी-दहावीच्या मुलांपासून लपवू नये. त्या दासी गुलाम होत्या, नाही म्हणण्याची त्यांना किती मुभा होती, हा प्रश्न त्यांना विचारू द्यावा. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी २००५ मध्ये 'पेनेलोपियड' ही कादंबरी या बारा जणींना बोलते करून लिहिली. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातील माणसांकडे अशाच निर्भय डोळ्यांनी पाहिले, आणि त्या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आदर ठेवून प्रश्न विचारता येतात, हे मुलांना दाखवायला याहून चांगले उदाहरण आमच्याजवळ नाही.

गुण कसे द्यावे

कल्पनेच्या कामाला गुण कसे द्यायचे, असे पालक विचारतात. आमची पद्धत बँकेची आहे. व्हाउचरशिवाय नोंद नाही. मुलाने पत्रात, ढालीत किंवा खटल्यात जे काही घातले, त्यातल्या निदान पाच गोष्टींना मूळ काव्यातला आधार हवा. सर्गाचा क्रमांक समासात लिहायचा. बाकी सगळी कल्पना त्याची. आधार बरोबर असेल तर निम्मे गुण तिथेच. उरलेल्यांत भाषेचा नेमकेपणा पाहावा आणि लिहिणाऱ्याला पात्राचे मन कळले का ते पाहावे. अक्षर, रंगीत कागद, चमकी यांना शून्य गुण. संगणकाकडून लिहून आणलेले पत्र ओळखायलाही हा नियम पुरतो. त्यात सगळे गोड असते, पण 'हे कुठून घेतले?' म्हटल्यावर समासात लिहायला काही नसते.

सुरुवात करायला फार सामग्री लागत नाही. इंग्रजीत सोपी गद्य भाषांतरे मिळतात. ई. व्ही. र्यू यांचे १९४६ चे ओडिसीचे भाषांतर अजून वाचनीय आहे. एमिली विल्सन यांची पद्य भाषांतरे, ओडिसी २०१७ ची आणि इलियड २०२३ ची, मोठ्याने वाचायला चांगली आहेत. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे एकाने इंग्रजीत वाचावे आणि मुलाने ते घरातल्या मोठ्यांना मराठीत सांगावे. २४ सर्गांना महिना-दीड महिना लागतो. पहिल्या आठवड्यात ओडिसीचा नववा सर्ग, म्हणजे राक्षसाची गुहा, आधी घेतला तरी चालेल. काव्यातही ती गोष्ट जेवणानंतर, भरल्या घरात, पाहुण्याने सांगितलेलीच आहे.